वेगाच्या एककांची संक्षिप्त रूपे

वेगाची एकके थोडक्यात लिहिण्याच्या खुणा. (शाळेच्या विज्ञानात ‘चाल’ आणि ‘वेग’ वेगळे शिकवतात, एकके दोन्हींची तीच, म्हणून इथे सरसकट ‘वेग’ म्हटले आहे.) आंतरराष्ट्रीय पद्धतीतले एकक मीटर प्रति सेकंद, रस्त्यावर आणि रुळांवर चालते ते किलोमीटर प्रति तास. पहिल्यातल्या आकड्याला 3.6 ने गुणले की दुसऱ्यातला मिळतो.

या खुणांना लोक संक्षेप समजतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ती चिन्हे आहेत, अधिक-उणेच्या जातीची. वजने-मापांच्या सर्वसाधारण परिषदेने 1948 मध्ये ठरवले, की ती सरळ आणि सहसा लहान रोमन अक्षरांत छापावीत, पुढे पूर्णविराम देऊ नये. अनेकवचनाचा ‘एस’ही लागत नाही. मोटारीच्या वेगमापकावर के, एम, तिरकी रेघ, एच अशी खूण असते ती बरोबर. आपल्याकडे रेल्वेत रुळलेले ‘केएमपीएच’ हे मैलांच्या ‘एमपीएच’वर बेतलेले इंग्रजी संक्षेप. कळते सगळ्यांना, पण ते चिन्ह नव्हे. ‘के’ मोठ्या लिपीत काढला तर तो तापमानाच्या एककाचा, केल्विनचा होतो. मीटर प्रति सेकंद लिहिताना एम आणि एस यांच्यामधली रेघ राहून गेली, की उरते मिलिसेकंद.

देवनागरीतल्या अडचणी निराळ्या. ‘किमी/तास’ सुटसुटीत आहे, पण तासाचे आणखी ‘ता.’ करू नये: पत्त्यात ता. म्हणजे तालुका, पत्रिकेत तारीख. ‘मी’ मीटरचा आणि ‘मि’ मिनिटाचा, फरक फक्त वेलांटीचा. त्यामुळे मिनिटाचा वेग सांगताना ‘मीटर/मिनिट’ पूर्ण लिहिलेले बरे. खरे तर मराठीला संक्षेपाची फारशी गरजच नाही. ‘ताशी 80 किमी’ म्हटले की काम झाले. तरी ‘ताशी 80 किमी प्रतितास’ असे लिहिणारे भेटतातच; त्यात तास दोनदा मोजला जातो.

‘नॉट प्रति तास’ ही त्याचीच बहीण. नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल, आणि सागरी मैल 1,852 मीटरचा, हे 1929 च्या मोनॅको परिषदेत ठरले. जुन्या जहाजांवर गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठरावीक वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजत. नाव त्यावरून पडले. याचे चिन्ह केएन, दोन्ही अक्षरे लहान. ‘एन’ मोठा झाला तर ते बलाचे एकक होते, किलोन्यूटन. विमान वाहतुकीत मात्र ‘केटी’ चालते. विमानतळाच्या हवामान संदेशातले ‘24008केटी’ म्हणजे 240 अंशांच्या दिशेकडून येणारा 8 नॉटचा वारा.

मॅक हे एककच नाही. ते ध्वनीच्या वेगाशी असलेले गुणोत्तर. म्हणून त्याला एककाचे चिन्ह नाही आणि क्रमही उलटा: आधी शब्द, मग आकडा, ‘मॅक 2’.