खाटेचे कठडे, धोक्याचे गुण आणि सिस्टरची फेरी

पेशंट खाटेवरून पडू नये म्हणून काय करायचं, याचं उत्तर पाश्चात्त्य रुग्णालयांत बरीच दशकं ठरलेलं होतं: कठडे वर करा, आणि तरीही उठायला लागला तर बांधून ठेवा. हेतू चांगला, पण नुकसान मोठं. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायांतलं बळ काही दिवसांत ओसरतं. लघवीची घाई झालेला, भांबावलेला पेशंट कठडा ओलांडायला बघतो आणि आणखी उंचावरून आपटतो. अमेरिकेनं १९८७ साली कायदा करून नर्सिंग होममधल्या वृद्धांना कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधायला बंदी घातली. कठड्यांच्या फटीत अडकून पेशंट दगावतात, हा इशारा तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं १९९५ मध्ये दिला.

मग पडण्याचा धोका कुणाला, हे आधीच ओळखायचं ठरलं. कॅनडात जॅनिस मोर्स यांनी १९८९ मध्ये मांडलेली गुणपद्धत आपल्याकडेही वापरतात. समजा, आजी नुकत्याच घरी पडल्या होत्या: २५ गुण. मुख्य आजारासोबत मधुमेह: १५. हाताला सलाइन: २०. टेबल-खुर्ची धरत चालतात: ३०. झाले ९०. साधारण ४५ च्या पुढे धोका जास्त मानतात. पण गुण फायलीत लिहिल्यानं आजी सावरत नाहीत. अशीच एक पद्धत १९९७ मध्ये देणारे ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड ऑलिव्हर यांनीच २००८ मध्ये या भाकितांवर विसंबू नये असं सुचवलं. २०१३ मध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनंही तेच सांगितलं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २००६ चा अमेरिकी अभ्यास. त्यात नर्स दर एक-दोन तासांनी स्वतःहून खाटेपाशी जायची. दुखतंय का, लघवीला जायचंय का, कूस बदलून देऊ का, असं विचारायची. पाणी, चष्मा, बेल हाताशी आहे ना, ते बघायची. पडणं कमी झालं, बेलही कमी वाजू लागली. याउलट खाटेच्या अलार्मनं पडण्यात फरक पडला नाही, हे २०१२ च्या चाचणीत दिसलं.

आपल्याकडे खाटेपाशी नातेवाईक असतो, म्हणून फेरी टळली तरी चालेल असं धरून चालतात. तो औषध आणायला खाली गेला की नेमकी तेव्हाच आजी एकट्या उठतात. त्यामुळे 'खाली जाताना सिस्टरला सांगून जा' हे त्यालाही पहिल्याच दिवशी बजावायला हवं, आणि रात्रपाळीला फेरी मारता येईल इतक्या सिस्टर वॉर्डात हव्यात.