पत्ते घेण्याआधी: खेळणारा हरल्यावर काय करतो?

आमच्या ट्रेडिंग कार्ड गेमच्या दुकानात येणारी बरीच गिऱ्हाइके पहिला प्रश्न विचारतात, "यातलं सगळ्यांत भारी पान कुठलं?" आम्ही उलट विचारतो, "खेळणार कोण?" उत्तर येते, "मुलगा, बारा वर्षांचा." वय कळले, पण आम्हाला हवे असते ते दुसरेच. हरल्यावर तो काय करतो? पुन्हा पिसायला घेतो, कुठे चुकले ते विचारत बसतो, की "पण माझा ड्रॅगन किती मोठा होता बघितलास?" म्हणून हसतो? या तिघांना तीन वेगवेगळ्या वस्तू विकाव्या लागतात. हे पत्रक त्यासाठी आहे.

चवथीला घरोघर झब्बू, मेंढीकोट, बदाम सात रंगतात. तिथे कॅट सगळ्यांची मिळून एकच, ५२ पानांची, आणि हातात येईल ते नशीब. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये प्रत्येक जण आपापली कॅट घरून बांधून आणतो. तिला डेक म्हणतात. रिचर्ड गारफिल्ड यांचा 'मॅजिक: द गॅदरिंग' १९९३ साली आला, जपानमध्ये पोकेमॉनचे पत्ते १९९६ साली. मॅजिकच्या नेहमीच्या डेकमध्ये किमान ६० पाने लागतात आणि बेसिक लँड (पाने खेळायला लागणारी शक्ती, म्हणजे 'माना', देणारी साधी पाने) सोडल्यास एकाच नावाची चारापेक्षा जास्त चालत नाहीत. निवड मात्र २०,००० हून अधिक वेगवेगळ्या पानांतून करायची. इतकी मोकळीक मिळाली की माणसाचा स्वभाव लपत नाही.

मॅजिकचे डिझायनर मार्क रोझवॉटर यांनी २००२ मध्ये खेळाडूंच्या तीन तऱ्हांवर लिहिले. टिमी, जॉनी आणि स्पाइक ही त्यांची नावे आज जगभरच्या टेबलांवर चालतात.

टिमीला अनुभव हवा असतो. सहा माना खर्चून येणारा, ६/६ ताकदीचा (मारायला सहा, सोसायला सहा) 'कोलॉसल ड्रेडमॉ' हा डायनासोर त्याला मनापासून आवडतो. दहांतले सात डाव हरला तरी चालेल, उरलेल्या तिनांत टेबल हादरले पाहिजे. टिमी म्हणजे लहान मूल असे समजू नका. आमच्याकडे येणारे सर्वांत पक्के टिमी निवृत्त बँक कर्मचारी आहेत.

जॉनीला काहीतरी स्वतःचे करून दाखवायचे असते. 'बॅटल ऑफ विट्स' नावाचे एक पान आहे. आपली पाळी सुरू होताना गड्डीत २०० किंवा जास्त पाने शिल्लक असतील तर डाव जिंकलात, एवढेच ते सांगते. शहाणा माणूस डेक ६० पानांचा ठेवतो, म्हणजे हवे ते पान लवकर हाती लागते. जॉनी हे एक पान वाचतो आणि अडीचशेचा डेक बांधतो! डेक कितीही मोठा चालतो, अट इतकीच की तो दुसऱ्याच्या मदतीशिवाय पिसता आला पाहिजे. आमच्या टेबलावर एका मुलीने तो पाच ढिगाऱ्यांत वाटून पिसला, शेवटचा ढीग हातून निसटून अर्धा बाकाखाली गेला, आणि समोरचा भिडू तक्रार न करता खाली वाकून पाने गोळा करत होता. त्या दिवशी ती पाच डाव हरली. सहावा त्या पानावर जिंकली आणि सामान आवरून घरी गेली. तिचे काम झाले होते.

स्पाइकला स्वतःला सिद्ध करायचे असते. त्याला पानाच्या चित्राशी घेणे नाही. एका मानात तीन डॅमेज देणारा 'लायटनिंग बोल्ट' त्याला ड्रेडमॉपेक्षा शंभरपट सुंदर वाटतो. लोक स्पाइकला भांडखोर समजतात, ते आम्हाला पटत नाही. नियम सर्वांत नीट त्यालाच ठाऊक असतात, आणि नवख्याला "हे आधी खेळला असतास तर वाचला असतास" हे सांगणाराही बहुधा तोच असतो. उर्मट माणसे तिन्ही तऱ्हांत सापडतात.

शुद्ध टिमी किंवा शुद्ध स्पाइक क्वचितच भेटतो. बहुतेकांत दोन तरी मिसळलेले असतात. शिवाय काहींना पानामागची कथा आणि चित्र प्रिय असते, त्यांना व्होर्थोस म्हणतात, तर काहींना नियमांची गुंफण, ते मेल. हे माप निराळे आहे. व्होर्थोस असलेला स्पाइकही असतो, आणि त्याचे हाल विचारू नका.

पत्त्यांच्या भाषेत सांगायचे तर ब्रिटिश गेम संशोधक रिचर्ड बार्टल यांची खेळाडूंची चार रंगांतली विभागणी जास्त जवळची वाटते. ती १९९६ ची, संगणकावर अनेकांनी मिळून खेळायच्या खेळांविषयीची. चौकट म्हणजे हिरे, म्हणून ती कमाई करत वर चढणाऱ्यांची. इस्पिक इंग्रजीत स्पेड, म्हणजे खोरे: हे खोदून शोधणारे. बदाम गप्पांना येणाऱ्यांचे. किलवर इंग्रजीत क्लब, म्हणजे सोटा: हे दुसऱ्यावर चालून जाणारे. शनिवारी आमच्याकडे बदामवाले सर्वांत जास्त असतात. त्यातले काही महिना महिना एकही पान विकत घेत नाहीत. येऊ द्यात, टेबल त्यांच्यामुळे भरलेले दिसते.

हे सारे आम्ही चूक करून शिकलो. पहिल्या वर्षी दर शनिवारचे बक्षीस फक्त पहिल्या नंबराला दिले. दोन महिन्यांत आठ स्पाइक उरले, बाकीचे दिसेनासे झाले. आता पानांचे एक बंद पाकीट जिंकणाऱ्याला आणि एक चिठ्ठी काढून हजर असलेल्यांपैकी कोणालाही देतो. कमांडर या मॅजिकच्याच एका प्रकाराचे टेबल वेगळे असते. त्यात १०० पाने, बेसिक लँड सोडून प्रत्येक एकच, सुरुवातीला प्रत्येकाला ४० लाइफ (संपले की हरलात), आणि बहुधा चौघे खेळतात. तिथे पिसण्याआधी एकमेकांना विचारावे, "आज कसला डाव, मजेचा की कसून?" दुकानात झालेली बहुतेक भांडणे हा प्रश्न न विचारल्यामुळे झाली आहेत.

आता खरेदी. टिमीसाठी बंद पाकीट घ्या, फोडण्यातच त्याची अर्धी मजा आहे. जॉनी आणि स्पाइक यांच्यासाठी सुटी पाने घ्या. हव्या त्या एका पानासाठी पाकिटांमागून पाकिटे फोडणे म्हणजे लॉटरी, आणि आमचा गल्ला भरत असला तरी ते आम्ही सुचवणार नाही. मूल नुसते जमवत असेल तर आधी पाने लावून ठेवायची फाइल घ्या.

स्लीव्ह, म्हणजे एकेका पानावर चढवायची प्लॅस्टिकची पारदर्शक खोळ, मात्र सगळ्यांनाच लागतात. मॅजिक आणि पोकेमॉनची पाने ६३ × ८८ मिलिमीटरची, यु-गि-ओची थोडी लहान, ५९ × ८६ ची, तेव्हा कोणता खेळ ते सांगून मागा. गोव्याच्या पावसाळ्यात चकचकीत फॉइल पाने हमखास वाकतात, कारण कागद दमट हवेतले पाणी पितो आणि वरचा फॉइलचा थर पीत नाही. जून ते सप्टेंबर डबा घट्ट लावा आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. नव्या चपलांच्या खोक्यातली चालते, कोरडी असली तर.

टेबले शनिवारी ४ ते ८ मोकळी असतात, खेळायला पैसे नाहीत. भाजीपाव खाऊन आलात तर हात धुऊन बसा, नळ मागच्या बाजूला आहे.