कॅप्टन रॉक आणि पीलर : आयर्लंडमधील ग्रामीण असंतोष व पोलीस (१८०१–१८३८)

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत खंड, दशांश कर आणि बटाट्यापुरता जमिनीचा तुकडा यांवरून गुप्त टोळ्यांनी केलेला हिंसक प्रतिकार, आणि तो मोडण्यासाठी सरकारने उभे केलेले सशस्त्र पोलीस दल. दोन्ही विषय एकाच नोंदीत घेतले आहेत, कारण त्यांची वाढ एकमेकांच्या धाकाने झाली. उठाव झाला की कायदा, कायद्याची मुदत सरली की नवा उठाव, असा या काळाचा क्रम आहे.

या टोळ्यांचे सर्वसाधारण नाव व्हाइटबॉय. १७६१ मध्ये टिपरारी काउंटीत गावकुरणांना घातलेली कुंपणे रात्री पाडणाऱ्या माणसांनी अंगात पांढरे सदरे चढवले होते, त्यावरून हे नाव पडले आणि पुढे कायद्याच्या भाषेतही रुजले. नंतरच्या प्रत्येक लाटेने आपले वेगळे नाव घेतले. १८०६–०७ मध्ये कॉनॉट प्रांतात थ्रेशर, त्याच सुमारास मन्स्टरमध्ये कॅराव्हॅट, पुढे कार्डर आणि रिबनमेन, १८२१ ते १८२४ या काळात रॉकाइट, १८२९–३१ मध्ये क्लेअर काउंटीत टेरी आल्ट, तर १८३० नंतर किलकेनी आणि क्वीन्स काउंटीत व्हाइटफीट. नावे बदलली तरी तक्रारी फारशा बदलल्या नाहीत.

जमीन आणि दशांश

१८०१ मध्ये आयर्लंड ब्रिटनशी कायद्याने जोडला गेला आणि डब्लिनची संसद बंद झाली. जमिनीची उतरंड मात्र होती तशीच राहिली. वर जमीनदार, बहुधा प्रॉटेस्टंट आणि अनेकदा गावापासून दूर राहणारा; त्याच्याकडून मोठा पट्टा घेऊन तुकडे करून देणारा मध्यस्थ; त्याच्या खाली शेतकरी; आणि तळाशी मजूर. मजुराकडे बहुतेक वेळा स्वतःची जमीन नसे. तो एका हंगामापुरता पाव-अर्धा एकर घेई, त्यात बटाटा लावी आणि त्यावर वर्षभर कुटुंब पोसे. या हंगामी खंडाला कोनेकर म्हणत. त्याचा दर नेहमीच्या खंडाच्या कितीतरी पट चढा असे, आणि तो पुष्कळदा मजुरीतून वळता केला जाई. लोकसंख्या १८२१ मध्ये सुमारे ६८ लाख होती, १८४१ मध्ये ती ८१ लाखांवर गेली. तुकड्यांसाठी झोंबणारे हात वाढत गेले, त्यामुळे दर खाली येण्याचे कारणच उरले नाही.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धात धान्याला सोन्याचा भाव होता. १८१५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पण चढ्या भावाच्या दिवसांत ठरलेले खंड तसेच राहिले. १८१६–१७ मध्ये अतिवृष्टी आणि प्रलापक सन्निपात ज्वराची साथ आली. १८२१ च्या शरद ऋतूत बटाटा सडला आणि पुढच्या वर्षी पश्चिमेकडे व नैर्ऋत्येकडे दुष्काळ पडला. दुसरीकडे गुरांना मागणी होती, म्हणून नांगराखालची जमीन कुरणाकडे वळत होती. गाईंना मजूर लागत नाहीत.

दशांश कराने तर आगीत तेल ओतले. सुमारे ८० टक्के लोक कॅथलिक असताना शेतमालाचा हा वाटा सर्वांना प्रॉटेस्टंट ‘चर्च ऑफ आयर्लंड’च्या पाद्र्याला द्यावा लागे. त्यातही एक मेख होती. १७३५ मध्ये आयरिश कनिष्ठ सभागृहाने केलेल्या ठरावामुळे कुरणांवरचा दशांश जवळजवळ सुटला होता. शेकडो गुरे चारणारा मोकळा, आणि मन्स्टरमधला अर्ध्या एकराचा बटाटेवाला मात्र करपात्र. पाद्री स्वतः शेतावर क्वचितच येई. त्याचा कारभारी उभ्या पिकाचा अंदाज काढी, किंवा वसुलीचा मक्ता दिला जाई. मक्तेदाराचा नफा त्याच्या अंदाजाच्या फुगवट्यात असे, आणि लोकांचा खरा राग पाद्र्याहून त्याच्यावर होता. थ्रेशरांनी कॅथलिक धर्मगुरूंच्या लग्न-बारशाच्या दक्षिणेचेही दर ठरवून दिले होते, ही गोष्ट या चळवळीला निव्वळ धर्मयुद्ध ठरवणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

रात्रीचा कायदा

टोळ्यांचे काम नोटिशीने सुरू होई. दारावर, चर्चच्या फाटकावर किंवा वाटेवरच्या झाडाला एक कागद डकवलेला सापडे. अमुक शेत सोडा, तमुक मजुराला काढून बाहेरचा आणू नका, कोनेकरचा दर एवढाच घ्या. खाली सही ‘कॅप्टन रॉक’ किंवा त्या लाटेतल्या कुणा काल्पनिक सेनापतीची, आणि पुष्कळदा शवपेटीचे चित्र. भाषा सरकारी जाहीरनाम्याची नक्कल करणारी असे. लिहिणारा बहुधा कुणी खेड्यातला मास्तर असावा, अशी अधिकाऱ्यांची अटकळ होती. सर्वांत पक्का नियम एकच होता: ज्या जमिनीवरून कूळ हुसकले आहे ती दुसऱ्या कुणी घ्यायची नाही.

नोटीस मानली नाही तर तोंडाला काजळी फासलेली, कधी बायकांचे कपडे घातलेली माणसे रात्री येत. कुंपणे पाडणे, गवताच्या गंजी पेटवणे, गुरांच्या मागच्या पायांच्या शिरा तोडणे, बंदुका पळवणे, ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायला लावणे हे नेहमीचे प्रकार. कार्डर टोळ्या लोकर विंचरायची लोखंडी दातांची फणी उघड्या पाठीवरून ओढत. खूनही पडत, परंतु धमक्यांच्या मानाने ते थोडे होते, कारण बहुतेक वेळा धमकी पुरत असे.

टेरी आल्टांची रीत जास्त कल्पक होती. क्लेअरमध्ये १८३१ च्या सुरुवातीला शेकडो माणसे कुदळी-फावडी घेऊन, कधी दिवसाढवळ्या, एखाद्या मोठ्या कुरणात उतरत आणि गवताची साय उलथून टाकत. एकदा गवत उलटले की ते कुरण पुन्हा लागायला काही वर्षे जात. मालकाला त्यातून तोवर काही मिळवायचे तर ती जमीन बटाट्यासाठी कोनेकरने देण्यावाचून गत्यंतर नसे. कुणाचे डोके न फोडता मालकाचे गणित बदलणारी याहून नेमकी युक्ती या सगळ्या काळात दिसत नाही.

रॉकाइट उठावाची ठिणगी पश्चिम लिमरिकमध्ये, न्यूकॅसल वेस्ट येथील कोर्टने जहागिरीत पडली. अलेक्झांडर हॉस्किन्स या नव्या कारभाऱ्याने थकबाकीची वसुली कडक केली, आणि १८२१ च्या उन्हाळ्यात त्याच्या मुलाला गोळी घातली गेली. वर्षभरात कॉर्क, केरी, टिपरारी, क्लेअर पेटले. जानेवारी १८२२ मध्ये कॉर्कमधील कीमनी खिंडीजवळ टोळ्यांची जमीनदारांच्या सशस्त्र पथकाशी उघड चकमक झाली. या लाटेला एक धार्मिक धारही होती. ‘पास्टोरिनी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका कॅथलिक बिशपाच्या भविष्यकथनावरून १८२५ मध्ये प्रॉटेस्टंट पंथ नष्ट होणार अशी समजूत स्वस्त चोपड्यांतून पसरली होती, आणि लिमरिकमध्ये वसलेल्या जर्मन वंशाच्या प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांना त्याची झळ बसली.

या रात्रीच्या कायद्याला गरिबांचा न्याय म्हणून गोंजारणाऱ्यांनी लाउथ काउंटीतील वाइल्डगूस लॉजचे प्रकरण वाचावे. एप्रिल १८१६ मध्ये एडवर्ड लिंच या शेतकऱ्याच्या घरावर बंदुकांसाठी छापा पडला. लिंचने आपले दार मोडणाऱ्यांना ओळखले आणि कोर्टात साक्ष दिली. तिघे फासावर गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस एका रात्री जमाव परत आला, घराला वेढा घालून ते पेटवले आणि आतल्या आठही जणांना बाहेर पडू दिले नाही. त्यांत एक तान्हे मूल होते. लिंच कॅथलिक होता. सरकारचा सूडही तसाच होता: १८ जणांना फाशी झाली, आणि अनेकांची प्रेते डांबर फासून लोखंडी पिंजऱ्यांत चौकाचौकांत टांगली गेली. पुरावा मुख्यतः माफीच्या साक्षीदारांचा होता, आणि फाशी गेलेल्यांपैकी काही जण निर्दोष असावेत असे अभ्यासकांना वाटते.

पोलीस

१८१४ पूर्वी खेड्यात पोलीस म्हणावे असे फारसे काही नव्हते. दंडाधिकारी म्हणजे स्थानिक जमीनदारच. त्यांच्या हाताखाली थोडे, बहुधा वयस्क आणि वशिल्याचे शिपाई. गडबड वाढली की लष्कर किंवा ‘योमनरी’ ही जमीनदारांची प्रॉटेस्टंट राखीव पथके बोलावली जात. जोडीला बंडविरोधी कायदा असे. जाहीर केलेल्या टापूत सूर्यास्तानंतर घराबाहेर सापडलेल्याला ज्युरीशिवाय खटला चालवून सात वर्षे काळ्या पाण्यावर पाठवता येई. हा कायदा १७९६ चा. १८०७, १८१४ आणि १८२२ मध्ये तो पुन्हा पुन्हा जिवंत केला गेला.

रॉबर्ट पील १८१२ मध्ये आयर्लंडचा मुख्य सचिव झाला तेव्हा त्याचे वय २४ होते. १८१४ मध्ये त्याने ‘शांतता संरक्षण दल’ काढले. हे फिरते पथक जिथे दंगल होई तिथे पाठवायचे, आणि त्याचा खर्च त्या टापूतल्या करदात्यांकडून वसूल करायचा. पहिले पथक सप्टेंबर १८१४ मध्ये रिचर्ड विलकॉक्सच्या हुकमतीखाली टिपरारीतील मिडलथर्ड भागात उतरले. लोक त्यांना ‘पीलर’ म्हणू लागले. खर्चाच्या भीतीने दंडाधिकारीच पथक मागवायला कचरत, म्हणून १८१७ मध्ये काही वाटा सरकारने उचलण्याची सोय करावी लागली.

रॉकाइट उठावाने ही फिरती व्यवस्था अपुरी ठरवली. त्या वेळचा व्हाइसरॉय होता रिचर्ड वेलस्ली, म्हणजे वसईचा तह आणि दुसरे इंग्रज-मराठा युद्ध ज्याच्या गव्हर्नर-जनरलपदाच्या काळात झाले तोच. असईची लढाई जिंकणारा त्याचा भाऊ आर्थर १८०७ ते १८०९ मध्ये आयर्लंडचा मुख्य सचिव होता. १८२२ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला कायम पोलीस मिळाले आणि चार प्रांतांवर चार महानिरीक्षक नेमले गेले. सर्व नेमणुका डब्लिन कॅसलकडे, म्हणजे आयर्लंडच्या मध्यवर्ती सरकारकडे, घेण्याचा बेत मात्र जमीनदारांच्या विरोधामुळे बारगळला. शिपाई नेमण्याचा हक्क दंडाधिकाऱ्यांकडेच राहिला.

या तडजोडीचे पितळ दशांशविरोधी आंदोलनात उघडे पडले. १८३१ पासून किलकेनीत आणि मग सर्वत्र लोकांनी दशांश देणे थांबवले. जप्त गुरांना कोणी बोली लावेना. १८ जून १८३१ रोजी न्यूटनबॅरी येथे योमनरीने लिलावासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार करून डझनभर माणसे मारली. सहा महिन्यांनी पारडे फिरले. १४ डिसेंबरला एडमंड बटलर हा समन्स बजावणारा बेलिफ, पोलीस अधिकारी जेम्स गिबन्सच्या सुमारे चाळीस पोलिसांच्या बंदोबस्तात, कॅरिकशॉकच्या अरुंद वाटेने चालला होता. दोन्ही बाजूंना दगडी बांध, वर आणि पुढे-मागे जमाव, हातांत दगड, काटेरी दाताळी आणि हर्लिंग खेळायच्या काठ्या. लोकांची मागणी एकच, बटलरला आमच्या हवाली करा. गिबन्सने नकार दिला, झटापट झाली, गोळी सुटली. एकदा बार काढल्यावर त्या गल्लीत बंदूक पुन्हा भरायला जागाही नव्हती आणि वेळही नव्हता. बटलर, गिबन्स आणि त्यांच्याबरोबरचे डझनभर पोलीस ठार झाले, गावकऱ्यांतले तिघे. पुढच्या वर्षी खटल्यात डॅनियल ओकॉनेल या कॅथलिक पुढारी वकिलाने बचाव केला आणि कुणालाही शिक्षा झाली नाही. तीन वर्षांनी, १८ डिसेंबर १८३४ रोजी, रॅथकॉर्मॅकजवळ एका विधवेच्या ४० शिलिंगांच्या थकबाकीसाठी लष्कराने गोळ्या झाडल्या आणि पुन्हा माणसे गेली.

१८३५ मध्ये टॉमस ड्रमंड हा स्कॉट अभियंता डब्लिनमध्ये उपसचिव झाला. १८३६ च्या कायद्याने त्याने पोलीस दल पुरते केंद्राकडे आणले. कर्नल जेम्स शॉ केनेडी पहिला महानिरीक्षक झाला. शिपायाला स्वतःच्या काउंटीत नेमणूक नाही, परवानगीशिवाय लग्न नाही, मुक्काम बराकीत, गणवेश गडद हिरवा, खांद्याला कार्बाइन, म्हणजे आखूड बंदूक. याच पीलने १८२९ मध्ये लंडनला दिलेले पोलीस निळ्या कोटातले आणि दंडुक्यापुरते होते. आयर्लंडच्या वाट्याला बराकीतले दल आले, कारण ते चोर पकडायला नव्हे, मुलूख शांत ठेवायला निर्माण झाले होते. मात्र ड्रमंडने हेच दल दशांशवसुलीसाठी वापरू द्यायला नकार दिला, आणि १८३८ मध्ये टिपरारीच्या दंडाधिकाऱ्यांनी आणखी कडक कायदे मागितले तेव्हा मालमत्तेला हक्कांप्रमाणे कर्तव्येही असतात, असे त्यांना लेखी सुनावले.

हा साचा साम्राज्यात दूरवर गेला. चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये जिंकलेल्या सिंधमध्ये पोलीस उभे केले ते आयरिश धर्तीवर. पुढे सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला. दंगलग्रस्त भागात जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांवर टाकण्याची तरतूद १८६१ च्या भारतीय पोलीस कायद्यातही आहे. १८९७ मध्ये रँडच्या खुनानंतर पुणेकरांनी असेच शिक्षेचे पोलीस सोसले.

अन्वयार्थ

जमीनदारांना या टोळ्यांमागे पोपचा कट दिसला, नंतरच्या राष्ट्रवाद्यांना स्वातंत्र्यसमर. जॉर्ज कॉर्नवॉल लुईस या इंग्रज लेखकाने १८३६ मध्येच त्यांना शेतमजुरांची एक अफाट कामगार संघटना म्हटले होते, आणि ते वर्णन आजही जास्त पटते. मार खाणारे बहुसंख्य लोक जमीनदार नव्हतेच. ते शेजारचे कॅथलिक शेतकरी, बोली वाढवणारे, कारभारी आणि साक्षीदार होते. ओकॉनेलने गुप्त मंडळ्यांचा निषेध केला, किल्डेअर व लेलिनचे बिशप जेम्स डॉइल यांनी १८२२ मध्ये रिबनमेनविरुद्ध पत्रक काढले. पुढे याच डॉइलांनी दशांश न देण्याच्या शांत प्रतिकाराला पाठिंबा दिला. आपल्याला मिळणारी बहुतेक माहिती मात्र पोलिसांच्या अहवालांतून आणि खबऱ्यांच्या जबान्यांतून आलेली आहे, आणि खबऱ्याला बक्षीस मिळत असे, हे विसरून चालत नाही.

१८३८ मध्ये दशांश २५ टक्क्यांनी कमी करून त्याचा बोजा जमीनदारावर टाकण्यात आला. तो अर्थातच खंडातून वसूल होत राहिला. १८४५ नंतरच्या महादुष्काळाने ज्यांच्यातून टोळ्या उभ्या राहत तो थरच विरळ केला. एक ते पाच एकरांच्या धारणा १८४१ मध्ये तीन लाखांहून अधिक होत्या, १८५१ मध्ये ९० हजारांहून कमी उरल्या. पोलीस दल राहिले, १८६७ मध्ये ‘रॉयल’ झाले आणि १९२२ मध्ये विसर्जित झाले. हुसकलेल्याची जमीन घ्यायची नाही हा नियमही टिकला. सप्टेंबर १८८० मध्ये चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल या आयरिश राष्ट्रवादी नेत्याने क्लेअरमधल्याच एनिस गावी तो भर सभेत सांगितला. मोडणाऱ्यासाठी त्याने सुचवलेली शिक्षा होती वाळीत टाकण्याची.