रंग काढायचा की धूळ रोखायची? अमेरिकेतील शिसे-अनुदानाची पार्श्वभूमी

अमेरिकेत 1978 पूर्वी बांधलेल्या घरांतला शिसेयुक्त रंगाचा धोका दूर करण्यासाठी आज जे केंद्रीय अनुदान मिळते, त्याचा पाया ऑक्टोबर 1992 च्या कायद्यात आहे. त्याआधीचा कायदा 1971 चा. त्या काळातला पैसा प्रामुख्याने मुलांच्या रक्ततपासणीकडे जाई, आणि 1981 मध्ये तोही राज्यांना द्यायच्या माता-बाल आरोग्याच्या एकत्रित निधीत विरून गेला. घरांतल्या शिसेयुक्त रंगावरची 1978 ची बंदी नव्या रंगापुरती होती. भिंतीवर आणि खिडक्यांवर आधीच बसलेल्या रंगाला तिने हात लावला नाही.

1980 च्या दशकापर्यंत उपाय ठरलेला असे: मुलाच्या रक्तात शिसे सापडले की घरातला रंग काढा. बाल्टिमोरमध्ये हे काम गॅसच्या ज्योतीने रंग जाळून किंवा यंत्राने घासून होई, आणि नंतरची सफाई म्हणजे झाडू. तिथल्या घरांतली धूळ पुढे मोजली गेली तेव्हा कळले की कामानंतर ती कित्येक पटींनी वाढली होती आणि सहा महिन्यांनीही मूळ पातळीखाली आली नव्हती. उपचार घेऊन घरी परतलेली मुले पुन्हा त्याच धुळीत रांगत होती. हे का होते, ते साध्या गणिताने दिसते. रंग ‘शिसेयुक्त’ ठरण्याची मर्यादा आहे चौरस सेंटिमीटरला 1 मिलिग्रॅम. असा फक्त एक चौरस फूट रंग घासून त्याची भुकटी दहा बाय दहाच्या खोलीत सारखी पसरली, तर जमिनीवर दर चौरस फुटाला सुमारे 9,300 मायक्रोग्रॅम शिसे पडते. 2001 च्या नियमाने ठरवलेली मर्यादा 40 होती.

म्हणून 1992 च्या कायद्याने लक्ष्यच बदलले. रंग असणे हा धोका नव्हे. पोपडे सुटलेला, घासला जाणारा, मुलाच्या दातांना पोहोचणारा रंग, आणि शिसेयुक्त धूळ व माती हा धोका. त्यावर दोन मार्ग मान्य झाले. अबेटमेंट म्हणजे किमान वीस वर्षे टिकेल असे काम: रंग काढणे, तो भाग बदलणे, पक्क्या आवरणाने झाकणे किंवा त्यावर जाड लेप चढवणे. इंटेरिम कंट्रोल म्हणजे सुटलेला रंग ओला करून खरवडणे, पुन्हा रंगवणे, खास सफाई करणे आणि पुढे देखरेख ठेवणे.

या दुसऱ्या मार्गावरून तेव्हा वाद पेटला आणि तो अजून मिटलेला नाही. विरोधकांचे म्हणणे असे की हा गरिबांच्या घरांना दिलेला तात्पुरता मुलामा आहे. बाजू घेणारे आकडा पुढे करत: 1990 च्या अहवालात 5.7 कोटी घरांत असा रंग असल्याचे म्हटले होते, आणि सगळीकडचा रंग काढण्याइतका पैसा कोणी देणार नव्हते. निर्णय व्यवहार्य होता, हे मान्यच करावे लागते. पण ‘देखरेख ठेवणे’ हा त्याचा अर्धा भाग होता आणि नेमका त्यासाठी पैसा ठेवला गेला नाही. अनुदान काम संपताच संपते. पोपडे पाच वर्षांनी पुन्हा सुटतात.

खिडकीत हा फरक सर्वांत ठळक दिसतो. जुन्या लाकडी खिडकीची झडप वर-खाली सरकताना चौकटीला घासते आणि भुकटी खालच्या पन्हळीत साठते. नुसते रंगवले तर पहिल्याच उन्हाळ्यात नवा थर घासून निघतो. तिथे लेपही टिकत नाही, कारण घर्षण आणि ओल हे त्याचे दोन्ही शत्रू तिथेच असतात. टिकाऊ उपाय दोनच: चौकटीत विनाइलच्या सरकपट्ट्या बसवून पन्हळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवणे, नाहीतर अख्खी खिडकी बदलणे. अनुदानातून दुरुस्त झालेल्या घरांची बारा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. शिसेयुक्त खिडक्या सगळ्या बदललेल्या घरांत जमिनीवरच्या धुळीतले शिसे, खिडक्या न बदललेल्या घरांपेक्षा सुमारे 41 टक्के आणि खिडकीच्या कट्ट्यावरचे 51 टक्के कमी निघाले. खिडकीवरचा खर्च जास्त दिसतो, पण इथे काटकसर करणे चुकीचे आहे. घर ऐतिहासिक असेल, तर मूळ खिडकी काढण्याआधी वारसा-तपासणी लागते. तिची वेळ आधीच धरली नाही, तर काम तिथेच अडते.

पैशाच्या अटी मूळ कायद्यातूनच आल्या. मालक स्वतः राहत असेल, तर उत्पन्न परिसरातल्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या 80 टक्क्यांपर्यंत आणि घरात सहा वर्षांखालचे मूल. भाड्याच्या इमारतीत किमान निम्मी घरे त्याच मध्यकाच्या 50 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी, आणि पुढची तीन वर्षे लहान मुले असलेल्या कुटुंबांना प्राधान्य. छत गळत असेल, तर अर्ज बाजूला ठेवला जातो: ओलीवर कोणताही रंग टिकत नाही, आणि मोठ्या बांधकाम-दुरुस्तीला हा निधी वापरता येत नाही. म्हणजे सर्वांत वाईट अवस्थेतली घरेच मागे राहतात.

2012 मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅमचा संदर्भस्तर आला आणि त्याच वर्षी आरोग्य खात्याकडचा शिसे-निधी 2.9 कोटी डॉलरवरून 20 लाखांवर आणला गेला. गृहनिर्माणाच्या बाजूचे अनुदान मात्र पुढे वाढले. 2016 चे 11 कोटी 2018 मध्ये 23 कोटी झाले.

धुळीची मर्यादा त्याहून वेगाने बदलली. काम संपल्यावर जमिनीसाठी दर चौरस फुटाला 1990 मध्ये 200 मायक्रोग्रॅम, 1995 मध्ये 100, 2001 मध्ये 40. 2017 पासून अनुदानाच्या कामांना 10, आणि ऑक्टोबर 2024 च्या नियमात 5. कट्ट्यासाठी हा शेवटचा आकडा 40, पन्हळीसाठी 100. जुन्या फळ्यांच्या जमिनीला याचा मोठा फटका बसतो. हेपा म्हणजे अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या गाळणीच्या व्हॅक्यूमने झाडणे, धुणे आणि पुन्हा व्हॅक्यूम, मग किमान एक तास थांबून ओल्या पुसणीने नमुना, हा क्रम नीट पाळला तरी फटींतली भुकटी 5 च्या वर नेते. फळ्या पॉलियुरेथेनने बंद करणे किंवा वर नवी जमीन टाकणे हे काम नमुना नापास झाल्यावर सुचून उपयोगाचे नाही. तोवर कुटुंब दुसरीकडे राहत असते आणि त्या मुक्कामाचा खर्च वाढत जातो. ते काम पहिल्या अंदाजपत्रकातच धरावे लागते.