पार्श्वभूमी : ‘गंटर’चा घोळ आणि छोट्या बोटीचे शीड

घरी बांधलेल्या बोटीचे शीड बदलायचे म्हटले की चर्चा फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते : गंटर, म्हणजे आखूड डोलकाठीवर दुसरी काठी उभी चढवून तिच्यावर धरलेले शीड, ठेवायचे की काढायचे? प्लायवूडच्या घरगुती बोटी आधीही होत्या, पण हा वाद घरोघरी पोचवला तो 1963 साली ब्रिटनमध्ये एका वृत्तपत्राच्या पाठबळाने आलेल्या ‘मिरर’ या छोट्या बोटीने. लांबी 3.3 मीटर. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे, सांध्यांवर काचतंतूची पट्टी आणि रेझिन. अशा 70 हजारांहून अधिक बोटी झाल्या. डोलकाठी दोन तुकड्यांत, म्हणजे सगळ्या काठ्या बोटीतच मावत.

आता नावाचा गुंता. गंटर हे नाव 17व्या शतकातल्या एका इंग्रज गणितीच्या मोजपट्टीवरून आल्याचे मानतात. मूळ प्रकारात वरची काठी लोखंडी कड्यांमधून डोलकाठीला समांतर सरकत असे. मिररवर कड्या नाहीतच. वरच्या काठीच्या बुडाला दुबेळके आहे, ते डोलकाठीला मिठी मारते आणि शीड चढवायचा दोर काठीला जवळजवळ उभी खेचतो. काटेकोर बोलायचे तर हा उभा केलेला गाफच, म्हणजे शिडाची वरची कड धरणारी तिरकी काठी. पण जुने वर्णन वाचून काही जण हौसेने कड्या बसवतात. लाकूड ओले होऊन फुगले की त्या अडकतात, आणि शीड नेमके वाऱ्याच्या झोताच्या वेळी खाली येत नाही.

गाफ म्हणून पाहिले की रीफचे, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीड खाली घेऊन लहान करण्याचे, कोडेही सुटते. रीफ घेताना काठी 40 सेंटिमीटर खाली आली, तर दोर काठीवर ज्या जागी बांधला आहे ती जागाही डोलकाठीच्या टोकापासून तेवढीच खाली येते. काठी मागे कलंडते, शिडाला तिरकी सुरकुती पडते. दोर काठीवर 40 सेंटिमीटर वर सरकवून बांधायचा, एवढाच उपाय.

2006 मध्ये मिरर बोटींच्या शर्यत-वर्गाच्या नियमांनी एकसंध डोलकाठीचे त्रिकोणी, म्हणजे बर्म्युडन, शीडही चालवून घेतले. शर्यतीसाठी ते ठीक. शिडाच्या पुढच्या कडेला हवा स्वच्छ मिळते. पण बोटीपेक्षा लांब काठी गाडीच्या टपावर न्यावी लागते, आणि रीफ घेतल्यावरही तिचे वजन वरच राहते. गंटरमध्ये शिडाबरोबर वजनही उतरते. शर्यत न करणाऱ्यांनी हा बदल का करावा, याचे पटेल असे उत्तर अजून मिळालेले नाही.

कापसाच्या शिडांची जागा 1950 च्या दशकात पॉलिएस्टरने घ्यायला सुरुवात केली. ताग-कापसाचे दोर गेले, पुढे डायनीमा हा जवळजवळ न ताणला जाणारा कृत्रिम तंतू आला. शीड ताणले जात नाही, दोरही ताणला जात नाही. मग झोताचा झटका थेट डोलकाठीला बाजूने धरणारी तार बोटीला जिथे जोडलेली असते, त्या पट्टीवर येतो. जुन्या आराखड्यात ती पट्टी नुसत्या स्क्रूंवर असेल तर प्लायवूडमधून ते उपटतात. तिथे 6 मिलिमीटरचे आरपार बोल्ट आणि आतून 12 मिलिमीटर प्लायवूडचा ठोकळा हवा. भोक आधी 10 मिलिमीटरचे पाडायचे, दाटसर केलेल्या इपॉक्सी रेझिनने भरायचे, सुकल्यावर मधोमध 6 मिलिमीटरचे पाडायचे; पाणी लाकडाला लागत नाही. जुन्या स्क्रूभोवती काळे वर्तुळ दिसले तर पाणी आधीच लागले आहे. नवे शीड शिवायला टाकण्यापूर्वी तेवढे प्लायवूड कापून बदलावे.