रेडमधले सगळे ड्राइव्ह एकदम जातात तेव्हा

सर्व्हरमधला एक एसएसडी (चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह) गेला तर रेड, म्हणजे एकाचा डेटा बाकीच्यांच्या आधारे वाचवणारी अनेक ड्राइव्हची जोडणी, सांभाळून घेतं. पण थोड्याच वेळात दुसरा, मग तिसरा गेला की संशय केबल, बॅकप्लेन (ड्राइव्ह ज्यात खोचतात तो सर्किट बोर्ड) आणि वीजपुरवठ्यावर येतो. तो आधी फेडून घ्यावा. मेलेला ड्राइव्ह दुसऱ्या, चालू असलेल्या स्लॉटमध्ये लावून पाहा. तिथे दिसला तर दोष जुन्या स्लॉटचा किंवा केबलचा. तिथेही दिसेना, तर ड्राइव्हच गेला. आणि एकाच दिवशी बसवलेले ड्राइव्ह असे पाठोपाठ गेले असतील, तर विचारायचा प्रश्न एकच: ते एकूण किती तास चालले?

नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने ग्राहकांना कळवलं की त्यांचे काही एसएएस (सर्व्हरमध्ये वापरली जाणारी ड्राइव्ह जोडणी) एसएसडी ३२,७६८ तास भरताच बंद पडतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. एचपीडी८ या आवृत्तीच्या आधीचं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं, तो चालवणारं सॉफ्टवेअर) असलेले ड्राइव्ह यात सापडले. बंद पडल्यावर ना ड्राइव्ह परत मिळतो, ना डेटा. ३२,७६८ हा आकडाच पुरेसा बोलका आहे: तो २ चा १५ वा घात. ऋण संख्याही ठेवणाऱ्या १६ बिटांच्या मोजणीत ३२,७६७ च्या पुढे जागाच नसते. मार्च २०२० मध्ये दुसरी सूचना आली, या वेळी ४०,००० तासांची, वेगळ्या मॉडेलांसाठी. डेलनेही आपल्या काही ड्राइव्हसाठी दुरुस्ती काढली आणि कारण सांगितलं: चक्राकार बफरच्या (भरल्यावर पुन्हा सुरुवातीपासून लिहिल्या जाणाऱ्या मेमरीच्या) क्रमांकाची कमाल मर्यादा तपासताना फर्मवेअर एकाने चुकत होतं.

अशा बिघाडात झीज बघून काही कळत नाही. ड्राइव्हचं आयुष्य ९५ टक्के शिल्लक दिसत असतानाही तो ठरल्या तासाला जातो. रेडचा सगळा हिशेब ड्राइव्ह वेगवेगळ्या वेळी बिघडतील या गृहीतावर चालतो, आणि इथे सगळ्यांची घड्याळं एकाच क्षणी सुरू झालेली असतात. हॉट स्पेअरचा, म्हणजे आधीच बसवून ठेवलेल्या राखीव ड्राइव्हचा, भरवसा तर मुळीच धरू नका. तो काही काम करत नसला तरी त्याला वीज मिळत असते, त्यामुळे त्याचेही तास तेवढेच भरतात.

तास पाहायला 'स्मार्टसीटीएल' ही ड्राइव्हची माहिती वाचणारी आज्ञा पुरते. एसएएस ड्राइव्हवर एकूण चालू वेळ, साटा या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीच्या ड्राइव्हवर ९ क्रमांकाचा गुण, आणि त्याच अहवालात मॉडेल व फर्मवेअर आवृत्ती. रेड कंट्रोलरमागचे (रेड सांभाळणाऱ्या कार्डाला जोडलेले) ड्राइव्ह थेट दिसत नाहीत. तिथे आज्ञेत कंट्रोलरचा प्रकार वेगळा सांगावा लागतो.

एखादा गेलाच, तर रिबिल्डची, म्हणजे नव्या ड्राइव्हवर डेटा पुन्हा उभा करण्याची, घाई नको. आधी उरलेल्यांवरचा डेटा दुसऱ्या यंत्रावर काढून घ्या, मग तास मोजा. मर्यादेला थोडेच तास उरले असतील तर सर्व्हर बंद ठेवणं हाही उपाय आहे, कारण बंद ड्राइव्हचे तास वाढत नाहीत. मात्र दुरुस्त फर्मवेअर हातात आल्यावरच तो पुन्हा चालू करा आणि पहिलं काम ते चढवण्याचं. मर्यादा ओलांडून मेलेल्या ड्राइव्हला नव्या फर्मवेअरचा उपयोग नाही. मिररच्या जोडीत (दोन्ही ड्राइव्हवर तोच डेटा) एक ड्राइव्ह काही महिन्यांनी बदलून दोघांच्या तासांत अंतर ठेवता येतं. कपाटातल्या नव्या, सीलबंद ड्राइव्हवरही जुनंच फर्मवेअर असू शकतं. बसवण्याआधी तेही पाहावं.