स्पायर

स्पायर म्हणजे चर्चच्या मनोऱ्यावर उभारलेला, वर निमुळता होत जाऊन टोकाशी संपणारा उंच भाग. मनोरा आणि स्पायर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनोऱ्यात घंटा असते, जिना असतो, माणूस चढू शकतो. स्पायर हे त्यावरचे छप्पर असून ते आतून बहुधा पोकळ असते. दोन्ही मिळून जे काही दिसते त्याला इंग्रजीत स्टीपल म्हणतात. मराठीत स्पायरला सर्रास ‘शिखर’ हा शब्द वापरतात. तो चालतो, पण फसवाही आहे; त्याबद्दल पुढे.

या शब्दाचे मूळ इमारतीत नाही, शेतात आहे. जुन्या इंग्रजीत ‘स्पीर’ म्हणजे कोंब किंवा गवताचे उंच, टोकदार पाते. डच भाषेतला ‘स्पीर’ आणि जुन्या नॉर्स भाषेतला ‘स्पीरा’ हे त्याचे भाऊबंद. त्यांचे अर्थही पाते, देठ, सडपातळ झाड असेच आहेत. चौदाव्या शतकातला कवी चॉसर लहानशा स्पायरपासून ओक वाढतो असे लिहितो, तेव्हा त्याला कोंबच म्हणायचे असते. हा अर्थ आज बोलण्यातून गेला असला तरी एका धंद्यात टिकून आहे. बिअर आणि व्हिस्कीसाठी सातू भिजवून मोड आणतात, त्या दाण्याच्या सालीखालून वाढणाऱ्या कोंबाला माल्ट तयार करणारे ‘ॲक्रोस्पायर’ म्हणतात. कोंब दाण्याच्या लांबीच्या किती भागापर्यंत पोचला यावरून मोड थांबवून दाणे कधी वाळवायचे ते ठरते.

कोंबाचा अर्थ इमारतीच्या टोकावर चढला तो इंग्रजीत १५९०च्या दशकात. उत्तर जर्मनीतल्या बोलीत तो त्याच्या दोनशे वर्षे आधीच चढला होता. गंमत अशी की इंग्लंडमधली सर्वांत नावाजलेली स्पायर तोवर बांधून जुनी झाली होती. सॉल्झबरी कॅथेड्रलची १२३ मीटर उंचीची स्पायर चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. लिंकन शहरातल्या कॅथेड्रलची तर याहून उंच समजली जायची, आणि ती १५४८ मध्ये कोसळलीही. म्हणजे आज ज्या अर्थाने हा शब्द सर्वांना ठाऊक आहे, तो रुळण्याआधीच लिंकनची स्पायर जमीनदोस्त झाली होती.

शेजारच्या भाषांनी याच वस्तूकडे पाहून वेगवेगळ्या गोष्टी आठवल्या. फ्रेंच माणसाला तिच्यात बाण दिसला, म्हणून ‘फ्लेश’. स्पॅनिश माणसाला सुई दिसली. जर्मनांनी ‘टुर्महेल्म’ म्हटले, म्हणजे मनोऱ्याचे शिरस्त्राण. इंग्रजीतच चौकोनी मनोऱ्यावर थेट बसवलेल्या अष्टकोनी स्पायरला ‘ब्रोच’ म्हणतात. तो शब्द मांस भाजायच्या सळईवरून आला. बाण, सुई, सळई ही सगळी हत्यारे-अवजारे. इंग्रजीला आणि उत्तर जर्मनीतल्या त्या बोलीला मात्र त्यात उगवणारे काहीतरी दिसले, आणि माझ्या मते या साऱ्या नावांत तेच सर्वांत नेमके आहे.

कोंबाचा स्पायर हे एक कूळ; तसाच उच्चार असलेल्या दुसऱ्या स्पायरचे कूळ लॅटिनचे. ग्रीक ‘स्पेइरा’वरून आलेला लॅटिन ‘स्पीरा’ म्हणजे वेटोळे. त्यातूनच स्पायरल शब्द निघाला. शंखाच्या किंवा गोगलगाईच्या कवचाच्या शेवटच्या मोठ्या वेढ्याच्या वर जे लहान लहान होत गेलेले वेढे असतात, त्यांना प्राणिशास्त्रात स्पायर म्हणतात. ते टोकदार दिसतात म्हणून चर्चवरून हे नाव पडले असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण ते वेटोळ्यावरून आले आहे. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसनेही स्पीरा हा शब्द इमारतीसाठीच वापरला, मात्र खांबाच्या गोलाकार तळखड्यासाठी. लॅटिनमधली स्पीरा पायाशी आणि इंग्रजीतली स्पायर माथ्याशी.

ही दोन कुळे एकाच ठिकाणी भेटावीत असा योग इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड गावी आला आहे. तिथल्या सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्चची सुमारे ६९ मीटर उंचीची स्पायर सरळ नाही. ती स्वतःभोवती पिळली गेली आहे आणि टोक मधल्या रेषेपासून जवळजवळ तीन मीटर बाहेर कलले आहे. सैतानाने तिला पिळले अशा कथा गावात आहेत. खरे कारण सुताराच्या कामात शोधतात : ओले, न मुरलेले लाकूड, आतून पुरेसे आडवे-तिरपे टेकू नाहीत, आणि वर शिशाच्या पत्र्यांचे भलतेच वजन. लाकूड वाळताना आकसले, उन्हाने शिसे एका बाजूला जास्त तापले, आणि सांगाडा वळत गेला. गवताच्या पात्यासारखी उभी केलेली वस्तू शंखासारखी होऊन बसली.

तिसरे साम्य निव्वळ आवाजाचे. इन्स्पायर, ॲस्पायर, रेस्पिरेशन, स्पिरिट हे शब्द ‘श्वास घेणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘स्पिरारे’ धातूचे. कोंबाशी किंवा वेटोळ्याशी त्यांचा संबंध नाही. चर्चच्या टोकाकडे बघून ‘ॲस्पायर’ची व्युत्पत्ती सांगणारे भाषणबहाद्दर असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.

भाषांतरकारांसाठी आणखी एक खड्डा. जुन्या इंग्रजी इतिहासग्रंथांत ‘डाएट ऑफ स्पायर्स’ असा उल्लेख येतो. इथले स्पायर्स म्हणजे जर्मनीतले ऱ्हाईन नदीकाठचे श्पायर शहर. १५२९ मध्ये तिथल्या राजसभेत ल्यूथरच्या बाजूच्या संस्थानिकांनी निषेध नोंदवला, त्यावरून ‘प्रोटेस्टंट’ हे नाव पडले. त्या सभेचे ‘शिखर परिषद’ असे भाषांतर होण्याची भीती अगदीच काल्पनिक नाही.

विसाव्या शतकात शब्द चर्चमधून निघून गगनचुंबी इमारतींवर गेला आणि हिशेबाचा विषय झाला. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगची पोलादी स्पायर इमारतीच्या आत गुपचूप तुकड्यांत आणून ठेवली होती. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी ती तास-दीड तासात वर चढवली, आणि ३१९ मीटर उंची गाठून इमारतीने वॉल स्ट्रीटवरच्या प्रतिस्पर्धी इमारतीला मागे टाकले. आज इमारतींच्या उंचीचा निवाडा करताना स्पायर मोजतात आणि अँटेना मोजत नाहीत. या एका नियमामुळे क्वालालंपूरचे ४५२ मीटरचे पेट्रोनास मनोरे शिकागोच्या सिअर्स टॉवरपेक्षा उंच ठरले, जरी सिअर्सचा सर्वांत वरचा मजला त्यांच्याहून वर होता. डब्लिनमध्ये २००३ साली पूर्ण झालेली १२० मीटरची स्पायर तर खाली चर्च नाही, इमारत नाही, अशी रस्त्यातच उभी पोलादी सुई आहे.

आता मराठीकडे. ‘शिखर’ हा शब्द शिखेच्या घरातला. शिखा म्हणजे शेंडी, तुरा, ज्योत. पण उत्तरेकडच्या नागर पद्धतीच्या देवळात शिखर म्हणजे गाभाऱ्यावरचा अख्खा उंचवटा. देव बरोबर त्याच्याखाली असतो, म्हणून बाहेरून शिखराला हात जोडले तरी दर्शन झाले असे मानतात. द्राविड पद्धतीत त्या उंचवट्याला विमान म्हणतात आणि शिखर हे नाव फक्त सर्वांत वरच्या घुमटीला उरते. स्पायरच्या खाली मात्र असतात घंटा. वेदी बहुतेक वेळा चर्चच्या दुसऱ्या टोकाला. स्पायरला ‘कळस’ म्हणावे तर कळस हा मुळात घडा, सगळे बांधून झाल्यावर माथ्यावर ठेवलेला. ‘मनोरा’ हा अरबी ‘मनारा’वरून आलेला, अर्थ दिव्याची जागा, आणि तो स्पायरच्या खालच्या भागाला आधीच लागला आहे. आकाराच्या दृष्टीने सर्वांत जवळचा शब्द गिर्यारोहकांकडे आहे : सुळका. माहुलीचा वजीर किंवा जीवधनजवळची वानरलिंगी पाहिलेल्या माणसाला स्पायर वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

महाराष्ट्रात खरीखुरी स्पायर पाहायची तर मुंबईत कुलाब्याला जावे. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेले अफगाण चर्च १८५८ मध्ये प्रार्थनेसाठी खुले झाले, पण पैशाअभावी स्पायर रखडली आणि १८६५ मध्ये पुरी झाली. सुमारे ६० मीटरची ती स्पायर एके काळी बंदरात येणाऱ्या जहाजांना दुरून दिसायची. गोव्यात चर्च ठायी ठायी असली तरी अशी टोके क्वचितच, कारण पोर्तुगीजांची घडण बरोक वळणाची, रुंद दर्शनी भिंतीची. साळगावचे १८७३ मधले पांढरे गॉथिक चर्च त्याला अपवाद आहे. भाताच्या खाचरांपलीकडून त्याची टोके दिसतात.